तीन अँपिअरचा सप्लाय आणि अण्णांच्या क्लिपा

३० सप्टेंबर २०२३, शनिवार

विसर्जन होऊन दोन दिवस झाले, कानात ढोल अजून वाजतोय. सकाळी अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे मामेभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, कात्रजला दुचाकींच्या वायरिंगचं काम करतात. पिशवीत मीच सहा वर्षांपूर्वी करून दिलेला १२ व्होल्टचा सप्लाय, म्हणजे बॅटरीऐवजी दिवे-हॉर्न तपासायला मेनवर चालणारा डबा.

"अरे, तुझ्या डब्यातनं चोवीस व्होल्ट यायला लागलेत. गिऱ्हाइकाचा एलईडी हेडलाइट गेला. पैसे मी भरले."

झाकण काढलं. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, व्होल्टेज स्थिर राखणारा ७२३ आयसी, पुढे बीडी१३९ हा छोटा ट्रान्झिस्टर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर २एन३०५५, सगळा करंट ज्याच्यातून जातो तो मुख्य ट्रान्झिस्टर. मीटर लावला तर २एन३०५५च्या कलेक्टर-एमिटरमध्ये, म्हणजे करंट आत येतो आणि बाहेर पडतो त्या दोन टोकांमध्ये, शून्य ओहम. तो आरपार शॉर्ट झाल्यामुळे मागचे कच्चे चोवीस व्होल्ट सरळ बाहेर. फ्यूज मात्र ठणठणीत! ट्रान्झिस्टर मेला आणि फ्यूज वाचला, म्हणजे ज्याला मरायला ठेवला होता तोच शिल्लक राहिला.

काय झालं होतं ते खोदून विचारलं तेव्हा कळलं. एक क्लिप चेसीला लावलेली, दुसरी हातातून सुटून इंजिनवर पडली, आणि गॅरेजातलं पोरगं जेवायला गेलं. पाऊण तास.

१ ऑक्टोबर, रविवार

मला खात्री होती की करंट लिमिट, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त करंट जाऊ न देणारी सोय, मी घातलेलं आहे. घातलेलं होतंच. एमिटर आणि आउटपुट यांच्यामध्ये ०.२२ ओहमचा रेझिस्टर, त्याची दोन टोकं ७२३च्या २ आणि ३ नंबरच्या पायांना. ७२३च्या आत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. त्याच्या बेस-एमिटरमध्ये साधारण ०.६५ व्होल्ट आले की तो मुख्य ट्रान्झिस्टरची बेसची खुराक ओढून घेतो. ०.६५ भागिले ०.२२ म्हणजे २.९५ अँपिअर. त्याच्या वर जात नाही. शॉर्टमध्येही जात नाही, हे तेव्हा तपासलंही होतं.

मग मेला कशाने? आज वहीत आकडे मांडले, जे सहा वर्षांपूर्वी मांडायला हवे होते.

पूर्ण लोडवर मागे २१ व्होल्ट राहतात. १२ बाहेर, ०.६५ त्या रेझिस्टरवर. ट्रान्झिस्टरवर उरले ८.३५ व्होल्ट, गुणिले २.९५, म्हणजे सुमारे २५ वॅट. माझा हीटसिंक वॅटमागे २ अंश तापतो, दोघांमधल्या अभ्रक आणि पेस्टचा अर्धा अंश, ट्रान्झिस्टरच्या आतला दीड. एकूण ४. पंचवीस चोक शंभर, खोलीचे ३२ धरले तर आतली चिप १३२ अंशांवर. २एन३०५५ला २०० पर्यंत चालतं. मी इथेच वही मिटली होती.

शॉर्टमध्ये आउटपुट शून्य. आता ते १२ व्होल्टही ट्रान्झिस्टरच्याच डोक्यावर. २०.३५ गुणिले २.९५ म्हणजे ६० वॅट. साठ चोक दोनशे चाळीस, अधिक ३२. चिप २७२ अंशांवर.

करंट वाढला नाही, तरी उष्णता अडीचपट झाली. सहा वर्षं टिकला तो केवळ हीटसिंक जाड आहे म्हणून. क्लिपा क्षणभर टेकायच्या, ठिणगी उडायची, अण्णा एक शिवी हासडायचे, क्लिप सुटायची. हीटसिंकला तापायला वेळच मिळायचा नाही. पाऊण तास कुणी दिला नव्हता.

२एन३०५५ ११५ वॅटचा आहे असं आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. ते ११५ वॅट कवच २५ अंशांवर ठेवलं तर. ऑक्टोबरात, कात्रजमध्ये, पत्र्याखाली?

४ ऑक्टोबर, बुधवार

एलएम३३८ हा तयार रेग्युलेटर आयसी घालून टाक, असं डोक्यात आलं होतं. पाच अँपिअरचा, करंट लिमिट, तापमानाचं कुलूप, सगळं आत. त्याच्या आतलं लिमिट इतकं शहाणं असतं की आत-बाहेरच्या व्होल्टेजमधला फरक वाढला की ते आपणहून करंट कमी करतं. साधा ७८०५ही त्याच कुळातला. संध्याकाळभराचं काम. पण चूक ७२३ची नव्हती, माझी होती, आणि मला ती त्याच बोर्डावर दुरुस्त करायची आहे. हट्ट म्हणा.

उपाय जुना आहे, फोल्डबॅक. आउटपुट जसजसं खाली पडेल तसतशी करंटची मर्यादाही खाली यायला हवी. त्यासाठी बदल एवढासाच. पाय २ आजवर थेट एमिटरला जोडलेला होता, तो आता दोन रेझिस्टरांच्या मधोमध जाईल. वरचा एमिटरकडून, खालचा ग्राउंडला. पाय ३ आउटपुटलाच.

आउटपुट १२ असताना हा दोन रेझिस्टरांचा विभाजक पाय २ला मुद्दाम थोडा खाली ओढून धरतो, त्यामुळे आतल्या ट्रान्झिस्टरला जागं व्हायला सेन्स रेझिस्टरवर, म्हणजे एमिटर आणि आउटपुट यांच्यामधल्या त्या रेझिस्टरवर, जास्त व्होल्ट पडावे लागतात. आउटपुट शून्यावर आलं की ती ओढ संपते आणि तो थोड्याशा करंटलाच जागा होतो.

मला ३ अँपिअर मिळायला हवेत, आणि शॉर्टमध्ये १. हिशेब केला तर सेन्स रेझिस्टर ०.७३ ओहमच्या आसपास आला. असा बाजारात मिळत नाही, पण २.२ ओहमचे तीन समांतर लावले की ०.७३३ होतात! विभाजक वर १२० ओहम, खाली १ किलोओहम. शॉर्टमध्ये ०.६५ गुणिले १.१२ भागिले ०.७३३, म्हणजे ०.९९ अँपिअर. १२ व्होल्टवर त्यात १२ गुणिले ०.१२ भागिले ०.७३३ मिळवायचे, एकूण २.९६.

याची किंमत अशी की ३ अँपिअरला त्या रेझिस्टरांवर २.२ व्होल्ट खर्ची पडतात. माझ्याकडे मागे २१ आहेत म्हणून चालतंय. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असता तर हे जमलं नसतं.

७ ऑक्टोबर, शनिवार

बुधवार पेठ, तापकीर गल्ली. २.२ ओहमचे पाच वॅटचे पांढरे सिमेंटवाले रेझिस्टर, अभ्रकाच्या चकत्या, बीटी१५१ थायरिस्टर, फ्यूज, आणि दोन दुकानांतून एकेक २एन३०५५. दोन दुकानांतून का, तर काल रात्री मेलेल्याचं टोपण हॅकसॉने कापलं होतं. आतली चिप ज्वारीच्या दाण्याएवढी. भंगारातला एक जुना मेलेला २एन३०५५ही कापून शेजारी ठेवला, त्याची चिप कितीतरी मोठी. नावाचा शिक्का दोघांवर सारखाच. म्हणजे माझ्या चुकीला बनावट मालाचाही हातभार होता. पण खरा असता तरी २७२ अंशांवर तोही गेलाच असता, तेव्हा दुकानदाराशी भांडायला तोंड नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

जोडणी. सकाळ एका गाढवपणात गेली. पहिला करंट सिरीज बोर्डातूनच दिला, ६० वॅटचा बल्ब मेनच्या ओळीत. तो क्षणभर लखलखून विझला, म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट मेन. आउटपुट १२.०. दोन अँपिअरचा लोड लावला तर १०.५! तासभर शोधलं. पाय ४ला जाणारी व्होल्टेजची खबर मी सेन्स रेझिस्टरच्या अलीकडून घेतली होती. पूर्वी ०.२२ ओहम होता तेव्हा ही चूक खपून गेली असणार, आता २ अँपिअरला दीड व्होल्ट सरळ दिसला. वायर उपटून आउटपुटच्या टर्मिनलवर लावली. १२.०.

मग शॉर्ट. आउटपुटला अँपिअरमीटरच लावला, तोच शॉर्ट. ०.९५ अँपिअर. श्वास सोडला.

वीस-वीस मिनिटं ठेवून हीटसिंक मोजला. चकचकीत अॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर धादांत खोटं सांगतो, म्हणून काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखला. खोली ३० अंश. पूर्ण लोडवर ७०, शॉर्टमध्ये ७४. म्हणजे शॉर्ट झाला काय नि पूर्ण लोड काय, ट्रान्झिस्टरला फारसा फरक नाही. पाऊण तास नव्हे, पोरगं आता गावाला जाऊन आलं तरी चालेल.

१४ ऑक्टोबर, शनिवार

मंगळवारी डबा देऊन आलो होतो, आज फोन.

"अरे, शॉर्टला मरत नाही हे खरं, पण हेडलाइटच लागत नाही त्याच्यावर. निखाऱ्यासारखा लाल होऊन बसतो."

कात्रजला गेलो. ३५ वॅटचा साधा हॅलोजन. क्लिपा लावल्या की बल्ब लालसर उजळतो आणि तिथेच थांबतो. मीटरवर ५.८ व्होल्ट. आउटपुटची वायर सैल आहे का पाहिलं, बल्ब बदलला. तेच. मग मी इन्फ्रारेड काढला: हीटसिंक ८८ अंश. थेट शॉर्टपेक्षा चौदा अंश जास्त! हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

अण्णांनी चहा मागवला. "बॅटरीवर लागतो," म्हणाले. एवढंच. पण ऐकायला बरं नाही वाटलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना. आई घट बसवत होती आणि मी आलेखाचा कागद घेऊन बसलो होतो.

आडवं व्होल्टेज, उभा करंट. माझ्या सप्लायची मर्यादा म्हणजे एक तिरकी रेघ, शून्य व्होल्टला १ अँपिअर, बाराला २.९६. तिच्यावर बल्बची रेघ काढली. बल्ब हा रेझिस्टर नव्हे. थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे बल्बची रेघ सुरुवातीला चढते आणि मग वाकते. ३५ वॅटचा बल्ब बाराला २.९ अँपिअर घेतो, पण सहाला निम्मे घेत नाही. जवळजवळ २ घेतो. आणि सहा व्होल्टला माझा सप्लाय द्यायला तयार आहे १.९८. दोन्ही रेघा तिथेच एकमेकींना टेकतात. बल्ब म्हणतो आणखी दे म्हणजे तापतो, सप्लाय म्हणतो आधी व्होल्टेज वाढव म्हणजे देतो. दोघे दारात उभे, "आधी आपण, आधी आपण".

८८ अंशांचंही उत्तर तिथेच मिळालं. शून्य व्होल्टला ट्रान्झिस्टरवर २२ व्होल्ट पण १ अँपिअर, म्हणजे २२ वॅट. बाराला सुमारे ७ व्होल्ट आणि ३ अँपिअर, २० वॅट. सहाला १४.५ व्होल्ट आणि २ अँपिअर, २९ वॅट. सर्वांत वाईट जागा ना शॉर्टची ना पूर्ण लोडची. अर्धवट शॉर्ट, सुमारे ३ ओहमचा, तो खरा घातकी. मी दोन टोकं मोजून मधलं गृहीत धरलं होतं.

तर रेघ कमी तिरकी करायची. शॉर्टमध्ये १ अँपिअरचा हट्ट सोडायचा. वरचा रेझिस्टर १२०च्या जागी ६८, सेन्सला १ ओहमचे दोन समांतर, म्हणजे ०.५. शॉर्टला १.३९ अँपिअर, बाराला ३.०२, सहाला २.२. बल्बची रेघ आता सगळीकडे खाली राहते. उष्णता शॉर्टमध्ये ३० वॅट, सहाला ३२. बत्तीस चोक १२८, अधिक ३२, चिप १६० अंशांवर. २०० पेक्षा खाली, पण आधीसारखी ऐसपैस जागा नाही.

बदल दुपारीच केला. घरच्या बल्बवर पाहिला. लाल, पिवळा, पांढरा. अर्धा सेकंदही लागला नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

ते ०.६५ व्होल्ट पत्थरकी लकीर नाहीत. आतला ट्रान्झिस्टर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. आयसी २५ अंशांनी तापला की ०.६, आणि बाराची मर्यादा ३.०२ वरून २.९१ वर. बल्बला हवेत २.९. केसाच्या अंतरावर! ७२३ आजवर हीटसिंकच्या कुशीत बसलेला होता, तो बोर्डासकट डब्याच्या दुसऱ्या टोकाला नेला, खाली जाळीची भोकं पाडली. अण्णांना सांगितलंय की ५५ वॅटच्या बल्बला हा डबा नाही, तो साडेचार अँपिअर मागतो.

आज ऑफिसातल्या एकाचा ऑसिलोस्कोप रात्रीपुरता मिळाला. मर्यादेला टेकलं की आउटपुटवर बारीक झालर दिसत होती, सप्लाय आतून थरथरत होता. पाय १३ आणि ४ मधला कपॅसिटर १०० पिकोफॅरडचा होता, तो १ नॅनोफॅरड केला. झालर गेली.

आउटपुटवरचा १००० मायक्रोफॅरडही काढला. शॉर्ट होताना जी चट् ठिणगी उडते ती याची. करंट लिमिट त्याच्या मागे आहे, पुढे नाही, त्यामुळे कपॅसिटरमधला साठा कुणी अडवत नाही. १०० मायक्रोफॅरड पुरतो, ठिणगी दहाव्या हिश्श्यावर आली.

२१ ऑक्टोबर, शनिवार

क्रोबार, म्हणजे व्होल्टेज हाताबाहेर गेलं की आउटपुट मुद्दाम शॉर्ट करणारी सोय. ट्रान्झिस्टर पुन्हा कधीच मरणार नाही असं मी म्हणणार नाही, आणि मेला तर गिऱ्हाइकाचा दिवा जाता कामा नये. आउटपुटवर आडवा बीटी१५१ थायरिस्टर, गेटला इशारा मिळाला की चालू होणारा. त्या गेटला ४७ ओहममधून १५ व्होल्टचा झेनर, म्हणजे त्याहून जास्त व्होल्टेज आलं की वाहू लागणारा डायोड. सोळाच्या आसपास गेलं की थायरिस्टर आउटपुट जमिनीला टेकवतो, आणि ४७०० मायक्रोफॅरडनंतर बसवलेला ४ अँपिअरचा फ्यूज उडतो. ०.५ ओहम मध्ये असल्यामुळे पहिला झटका पन्नासेक अँपिअरवर अडतो, थायरिस्टरला तेवढा क्षणभर झेपतो.

तपासायचं कसं? ट्रान्झिस्टर मेल्याचं सोंग घेऊन. कलेक्टर-एमिटर जाड वायरने जोडले. ठक्! फ्यूजची काच काळी. आउटपुटला लावलेला जुना इंडिकेटर बल्ब शाबूत.

मग हॉर्न लावला आणि क्रोबारने त्यालाच जादा व्होल्टेज समजून झडप घातली. हॉर्नचं कॉन्टॅक्ट सेकंदाला शेकडो वेळा तुटतं, त्याचा उसळा झेनरपर्यंत पोचत होता. गेटवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, तो १ मायक्रोफॅरडचा केला, तेव्हा कुठे हॉर्न वाजला. इतका वाजला की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

२३ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. अण्णांच्या गॅरेजात पान्यांच्या, ग्रीस गनच्या शेजारी डबाही पूजेला. हळद-कुंकू झाकणावर, जाळीच्या भोकांत नाही, एवढं मी पाहिलं. कापलेला बनावट २एन३०५५ही कुणीतरी झेंडूच्या पाकळ्यांत ठेवला होता.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या तोंडावर गॅरेजात गर्दी. डब्याकडे बघायला गेलो तर क्लिपा लावलेल्या, बल्ब नाही, हॉर्न नाही, मीटरवर जवळजवळ शून्य व्होल्ट. मी हात पुढे केला.

"राहू दे, राहू दे. मुद्दाम लावलाय."

एका मोटरसायकलचा वायरिंगचा जुडगा कुठेतरी आत चेसीला लागत होता. बॅटरीवर लावला तर धूर निघतो आणि जुडगाच जातो. फ्यूज लावला तर तो उडतो आणि शॉर्ट कुठे ते कळत नाही. अण्णांनी माझा डबा शॉर्टमध्येच चालू ठेवला होता. १.४ अँपिअर निवांत वाहतोय, वायर कोमटही होत नाही. आणि ते मीटर मिलिव्होल्टवर ठेवून, काळी पिन चेसीला टेकवून, लाल पिन वायरवर टोचत पुढे सरकत होते. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्यावर एवढ्या करंटला मीटरभरात बत्तीसेक मिलिव्होल्ट पडतात. ४१, ३०, १९, ११, आणि मग पुढे कितीही सरकलं तरी ११.

"आकडा पडायचा थांबला की तिथंच लागलंय," अण्णा म्हणाले. टाकीखालची टेप सोडली. क्लॅम्पने सोललेली हिरवी वायर.

मी विचारलं, किती वेळ चालू होता असा?

"सकाळपासनं. मधे जेवून पण आलो."

हीटसिंकवर चिकटपट्टी अजून होती. इन्फ्रारेड खिशातच होता. ९१.